राहिलेल्या खोल्या

माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं चित्रप्रदर्शन जालन्यात एका मंगल कार्यालयात भरलं, आणि ते बघायला आलेला पहिला माणूस टू बीएचके शोधत आला होता.

त्याचा काही दोष नव्हता. नोकरीच्या काळात मी ज्या ज्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहिले, त्या आठवून आठवून काढलेली ती चित्रं होती, म्हणून मी प्रदर्शनाला नाव दिलं होतं ‘राहिलेल्या खोल्या’. नाव सुचलं त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. फ्लेक्सवाल्यानं ते नाव लालभडक अक्षरांत घेतलं, खाली ‘साळवे मॅडम’ आणि माझा मोबाइल नंबर टाकला, आणि मागची जागा रिकामी दिसते म्हणून त्याच्याकडं तयार असलेला एका टोलेजंग इमारतीचा फोटो लावून दिला. ते गृहस्थ चपला काढून आत आले, सगळ्या चित्रांवरून एक नजर फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, “किती राहिल्यात?”

मी म्हटलं, सगळ्यांत मिळून चौदा.

ते म्हणाले, म्हणजे अजून बुकिंग चालू नाही वाटतं. मग अंबडच्या खोलीच्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहून त्यांनी, हिला संडास कुठं दिलाय, असं विचारलं. संडास मागच्या अंगणात सगळ्यांत मिळून एक होता, हे मी खरं तेच सांगितलं. ते निघून गेले. माझ्या चित्रकलेवरची ती पहिली प्रतिक्रिया.

मी तीसेक वर्षं हायस्कूलला ड्रॉइंगची बाई होते. बाहेरच्या लोकांना वाटतं, ड्रॉइंगची बाई म्हणजे पोरांना दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी शिकवणारी. खरं काम निराळंच असतं. शाळेत साहेब येणार असले की रांगोळी बाईंची. गॅदरिंगचा पडदा बाईंचा. विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी विज्ञानाच्या सरांचा, पण तो रंगवायचा बाईंनी. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात रुखवतावरची अक्षरं बाईंची. एकदा मला मुतारीच्या भिंतीवर ‘मुले’ आणि ‘मुली’ लिहायला सांगितलं. मी जीव ओतून लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी अख्ख्या शाळेत तेवढ्याच एका गोष्टीचं कौतुक केलं, आणि हेडमास्तरांनी पुढं येईल त्या प्रत्येक पाहुण्याला ती मुतारी दाखवायला सुरुवात केली.

आमच्या विषयात स्मरणचित्र म्हणून एक प्रकार असतो. समोर वस्तू नाही, नमुना नाही, आठवून काढायचं. परीक्षेला बाजार, जत्रा, बसस्टँड असले विषय येतात आणि सगळा वर्ग एकच बाजार काढतो, कारण तो गाईडातला बाजार असतो. भोकरदनला असताना मी कंटाळून वर्गाला म्हटलं, जाऊ द्या तो बाजार, तुमच्या घरातला स्वयंपाक जिथं होतो ती जागा काढा. एका मुलीनं चुलीशेजारी मोटारसायकल काढली. मी तिला समजावलं की बाळा, आठवून काढायचं म्हणजे घरात जे असतं तेच काढायचं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, मॅडम, गाडी आम्ही आतच लावतो, बाहेर ठेवली की पेट्रोल चोरतात. पोरगी खोटं कशाला काढील? मी त्या चित्राचे मार्क वाढवले. त्या दिवसापासून माणसाच्या घरात आत काय काय असतं, याबद्दल मला कुतूहल वाटायला लागलं ते कायमचंच.

तसं ते वाटायला माझी स्वतःची कारणंही होती. आमच्या संस्थेच्या शाळा तीन-चार गावांत होत्या आणि संस्थेला माझी बदली करायला फार आवडायचं. आमचे मिस्टर भीमराव एसटीत कंडक्टर. त्यांचा डेपो एकीकडं, माझी शाळा दुसरीकडं. ते सुट्टीच्या दिवशी येणार. त्यामुळं खोली शोधायचं काम माझंच.

खोली बघायला गेलं की घरमालक आधी खोली दाखवतो. मग नळ दाखवतो. मग पाणी कोणत्या दिवशी येतं ते सांगतो. सगळं जमल्यावर, निघताना, हळूच विचारतो, “पूर्ण नाव काय म्हन्लात?” मी साळवे म्हटलं की, “कोणते साळवे?” आम्ही बौद्ध, असं मी सरळ सांगायची. सांगितलं रे सांगितलं की त्याला आठवायचं की त्या खोलीत त्याचा भाचा शिकायला येणार आहे. जाफराबादला बदली झाली तेव्हा त्या एका आठवड्यात इतके भाचे शिकायला येणार होते, की आमच्या शाळेला नवी तुकडी काढावी लागली असती. भाचा एकही आला नाही. मी हजेरीपटाकडं लक्ष ठेवून होते.

रिटायर झाल्यावर मी स्वतःसाठी चित्रं काढायला बसले. आता शिकवायचं नाही, तपासायचं नाही, जे आवडेल ते काढायचं. आधी निसर्ग काढला. दोन डोंगर आणि मधून सूर्य आला. हाताला इतक्या वर्षांची तीच सवय. मी तो कागद फाडला आणि डोळे मिटून बसले. खोलीत अंधार आहे असं समजून दिव्याच्या बटणाकडं हात नेला, तर हात बटणाकडं न जाता उजवीकडं खाली, गुडघ्याच्या उंचीला गेला. तिथं जाफराबादच्या खोलीत देवळी होती आणि तिच्यात मी काड्यापेटी ठेवायची. मग देवळीवरून भिंत आठवली, भिंतीवरून खुंटी, खुंटीवरून खिडकी. पुढच्या सगळ्या खोल्या मी तशाच काढल्या. मी कुठं झोपायची, झोपल्यावर काय दिसायचं, पाय कशाला अडखळायचा, हे आधी आठवायचं. मग उरलेली खोली आपली आपण येते. सगळी खरी येते असं मात्र नाही. भोकरदनच्या खोलीला मी दोन खिडक्या काढल्या. मिस्टर म्हणाले, एकच होती. मी म्हटलं, दोन. पंधरा दिवस आमचं यावरून बोलणं बंद होतं. शेवटी भोकरदनला जाऊन बघून आलो. एकच होती. दुसरी मला तेव्हा हवी होती, एवढंच.

प्रदर्शनाची कल्पना मिस्टरांची. चित्रं पलंगाखाली मावेनाशी झाली, म्हणून. जालन्यात ओळखीनं एका मंगल कार्यालयाचे मॅनेजर सय्यदभाई भेटले. लग्नाची तिथी नसलेल्या आठवड्यात त्यांनी वरचा जेवणाचा हॉल द्यायचं कबूल केलं. अट एकच, भिंतीला खिळा मारायचा नाही. मग मंडपाचे पाइप उभे केले, त्यांच्यावर पांढरं कापड ताणलं आणि त्या कापडावर चित्रं तारेनं टांगली. सय्यदभाईंनी सगळी चित्रं बघितली आणि मला बाजूला घेऊन अदबीनं म्हणाले, “मॅडम, चीज अच्छी है, बिलकुल. पण एखादा धबधबा पाहिजे होता.”

भीमरावांनी प्रदर्शनाचा ताबा घेतला. आयुष्यभर गाडीत माणसं भरलेला माणूस. चार माणसं एका चित्रापुढं थांबली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “चला, चला, पुढं सरकून घ्या, पुढच्या खोल्या रिकाम्या हायेत.” लोक खरोखर पुढं सरकायचे. एका प्राध्यापकांना एक चित्र मन लावून बघायचं होतं, तर त्यांना हे म्हणाले, साहेब, दारात उभं राहू नका. मी रागावले, तर मलाच म्हणाले, तू चित्र काढायचं काम केलंस ना, मंग आता मला माझं करू दे.

उद्घाटनाला आमचे एक जुने हेडमास्तर होते. त्यांनी निसर्ग हाच खरा चित्रकार, या विषयावर फार चांगलं भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की खालच्या हॉलमध्ये एक साखरपुडा ठरलाय. सय्यदभाई म्हणाले, तिथी नाही, पण मुलाची सुट्टी आहे. साखरपुड्याच्या पाहुण्यांना कुणी तरी सांगितलं की जेवण वर आहे. एरवी ते वरच असायचं. त्यामुळं दुपारी बाराच्या सुमाराला जिन्यावरून शालू, फेटे आणि गजरे यांचा लोंढा वर आला. ताटं न दिसता चित्रं दिसली म्हणून ते थोडे दचकले, पण आलोच आहोत तर बघू, म्हणून बघायला लागले. इतकी गर्दी मला पुन्हा कधी मिळणार नाही. बायका चित्रापुढं उभ्या राहून एकमेकींना सांगायच्या, हे बघ, आपल्या मामीकडं असंच फडताळ होतं. एका आजोबांनी एका पलंगाच्या चित्राला हात लावून बघितला. त्याच गर्दीत अंबडचे माझे जुने घरमालक बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी शोभाकाकू होत्या. ते नवरीकडचे निघाले.

बापूसाहेबांना आपली खोली चित्रात बघून पहिल्यांदा फार आनंद झाला. त्यांनी आजूबाजूच्या चार पाहुण्यांना ओढून आणलं, ही आपली खोली, म्हणून. मग त्यांचं लक्ष खोलीच्या मध्यभागी गेलं. तिथं मी एक पातेलं, एक घमेलं आणि एक बादली काढली होती, पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याखाली धरलेली. बापूसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, आमची खोली कधी गळलीच नाही. मी म्हटलं, बापूसाहेब, गळायची. ते म्हणाले, तुम्ही दुसऱ्या कुठल्या खोलीचं पाणी इथं आणून राह्यले. माझी भोकरदनच्या खिडकीवरून आधीच खोड मोडलेली होती, त्यामुळं मी जरा चाचरले. तेवढ्यात शोभाकाकू शांतपणे म्हणाल्या, “घमेलं आपलंच हाय. मीच दिल्तं त्यांना.”

बापूसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. सध्या खोली रिकामी आहे आणि पाहुण्यांमधल्याच एकाला ती दाखवायची आहे, हे हळू आवाजात सांगितलं. निदान बादली तरी पुसता येईल का, असं विचारलं. जलरंगातली बादली पुसता येत नाही. शेवटी भीमरावांनी तोड काढली. त्या चित्रापुढं त्यांनी स्टुलावर पाण्याचा जार ठेवला, आणि साखरपुडा आटोपेपर्यंत तो तिथून हलू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी अन्सामावशी आल्या.

जाफराबादेतल्या त्या भाच्यांच्या आठवड्यात मला ज्यांनी खोली दिली, त्या ह्या अन्सामावशी. शेतकऱ्याचं घर, गावात दोन खोल्या जास्तीच्या. मी नाव सांगितलं, ‘कोणते साळवे’ला उत्तर दिलं आणि भाच्याची वाट बघत उभी राहिले. मावशी माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघत म्हणाल्या, हिला ताप हाय का? ताप होताच. त्यांनी पोरीला घेतलं आणि मला म्हणाल्या, सामान कुठाय तुझं?

त्या घरात मी दोन वर्षं काढली. मी शाळेत गेले की माझी पोरगी, रमा, त्यांच्यापाशीच. दुसऱ्याच्या लेकराचं कुणी एवढं केलं नसेल. संध्याकाळी माझ्या दारात झाकलेली भाकरी आणि ठेचा यायचा. पण त्यांच्या स्वयंपाकघराला एक उंबरा होता. त्याच्या आत ये, असं मला कुणी म्हटलं नाही. येऊ नको, असंही कुणी म्हटलं नाही. मला ते न सांगता कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. रमाला काहीच कळत नव्हतं. ती रांगत रांगत थेट आत जायची, मावशींच्या मांडीवर चढायची, तूप-भात खायची. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, रमा, चल बाई आता. रमा यायची नाही. मग मावशी तिला उचलून उंबऱ्यापाशी आणून माझ्याकडं द्यायच्या. रोज.

ते स्वयंपाकघर मी काढलं होतं. डावीकडची भिंत, फळीवरचे डबे, पाण्याचा रांजण, वरचं उजेडाचं काच-कौल. चित्र तयार झाल्यावर लक्षात आलं की मी अर्धंच स्वयंपाकघर काढलंय. उजवीकडं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. मी रमाला पुण्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आई, मी तेव्हा वर्षाची होते. एवढं तूप खाऊन पोरीनं काहीही लक्षात ठेवलं नव्हतं. मग मी चित्र तसंच ठेवलं.

मावशींचं जालन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा मुलगा बंडूभाऊ तपासणीसाठी त्यांना घेऊन आला होता. रस्त्यावरचा फ्लेक्स त्यानं वाचला आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून दोघं जिना चढून वर आले. मावशींनी काळा चष्मा लावला होता. मला मिठी मारली, रमाची चौकशी केली, मी म्हातारी दिसायला लागले असं सांगितलं, आणि चित्रं बघायला निघाल्या. नव्या डोळ्यांचा फार अभिमान. आता मुंगीसुद्धा दिसते म्हणाल्या. भीमरावांनी सगळ्यांना बाजूला सारून त्यांना वाट करून दिली.

स्वयंपाकघरापुढं त्या थांबल्या. “बंड्या, हे आपलं.” मग त्यांनी चष्मा वर केला आणि चुका काढायला सुरुवात केली. हळदीचा डबा मिठाच्या अलीकडं नव्हता, पलीकडं होता. रांजण एवढा मोठा नव्हता. फळीला उतार होता, तो काढलाच नाही. मी सगळं कबूल करत गेले. मग त्या म्हणाल्या, “पण हे अर्धंच कामून काढलं? चूल कुठाय?”

मी म्हटलं, “तेवढंच दिसायचं, मावशी.”

“कुठून?”

“उंबऱ्यातून.”

प्रदर्शनात तेव्हा पंधरावीस माणसं असतील. कुणाला काही समजलं असेल असं वाटत नाही. बंडूभाऊला समजलं, कारण तो एकदम म्हणाला, माय, चल, गाडी निघून जाईल. मावशी हलल्या नाहीत. मी हे बोलायला नको होतं, असं माझ्या मनात आलं, आणि बोलले ते बरं केलं, असंही आलं. मला राग होता का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पोरीला आत घेणारी तीच बाई, आणि मला बाहेर ठेवणारीही तीच. रागवायला गेलं की भाकरी आठवते आणि भाकरी आठवली की उंबरा आठवतो.

भीमरावांनी न सांगता एक खुर्ची आणून ठेवली. मावशी बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “सासूबाई होत्या तव्हा.”



मग त्यांनीच मान हलवली. “न्हाई. त्या तर तू यायच्या आधीच गेल्त्या.”

हे मलाही माहीत होतं. पण ते त्यांनीच म्हणायला हवं होतं, आणि त्यांनी म्हटलं. तिथं मला गप्प बसणं फार जड गेलं.

त्या खुर्चीवरून उठल्या. चित्राच्या उजव्या कडेपलीकडं नुसतं पांढरं कापड होतं. त्या कापडावर त्यांनी बोट ठेवलं. “इथं चूल. तिच्या अंगाला वैल. इथं वर मांडणी. हिच्यामागं मी गुळाची बरणी ठेवायचे.” बंडूभाऊ म्हणाला, गुळाची बरणी तिथं होती? लहानपणी त्यानं सगळं घर धुंडाळलं होतं म्हणे. मावशी म्हणाल्या, तुझ्यासाठीच तर तिथं ठेवल्ती. मग जातं कुठं, खिडकी कुठं, सरपण कुठं, असं त्या बोटानं दाखवत पुढं पुढं सरकायला लागल्या. त्यांच्या मागं दोन बायका आल्या, मग चार. एकीनं सांगितलं, चुलीला लागून सरपण ठेवत नाहीत, ठिणगी पडते. मावशी म्हणाल्या, मी चाळीस वर्षं ठेवलं. दुसरी म्हणाली, आमच्याकडं मांडणी दाराच्या मागं होती. यावरून वाद सुरू झाला. बघता बघता तिथं एवढी गर्दी जमली, की जिन्यावरून येणाऱ्या माणसाला वाटावं, प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र तेच. होतं ते नुसतं मंडपाचं पांढरं कापड. सय्यदभाईसुद्धा बघायला आले. मला हळूच म्हणाले, “इथं काय हाय?” मी म्हटलं, स्वयंपाकघर. त्यांनी नीट निरखून बघितलं आणि मान डोलावली. एवढ्या जणांना दिसतंय म्हणजे असणारच, असा त्यांचा चेहरा होता. आयुष्यात पहिल्यांदा भीमराव कुणाला पुढं सरका म्हणाले नाहीत.

निघताना मावशी म्हणाल्या, घरी ये आणि पुरं करून टाक. बंडूभाऊ ओशाळून म्हणाला, मॅडम, ते स्वयंपाकघर आता राहिलं नाही, मी पाडून नवीन बांधलं. मावशी म्हणाल्या, माझ्या डोक्यातलं तर नाही ना पाडलं.

प्रदर्शन संपल्यावर जावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. भीमराव म्हणाले, तुला वाटत असेल तर जा, न्हाई वाटत तर तिला आपल्याकडं बोलावू. मी गेले ते कुठल्या मोठ्या कारणानं नाही. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की चित्र अर्धं सोडायचं नाही. सोडलं की मार्क कापायचे. आता स्वतःचंच चित्र तसं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

जाफराबादच्या गाडीत भीमराव कंडक्टरच्या कामाकडं नाराजीनं बघत बसले होते. घर बाहेरून ओळखू आलं नाही. मावशी दारातच उभ्या होत्या. कसा झाला प्रवास, पाणी घे, असलं काही म्हणाल्या नाहीत. शेजारची एक बाई ओट्यावर बसली होती, तिच्यादेखत माझ्या मनगटाला धरलं आणि बैठकीतून, मधल्या खोलीतून, मला थेट आत नेऊन उभं केलं. भीमराव बाहेर बंडूभाऊपाशी बसले.

आत काळ्या दगडाचा ओटा, भिंतीला गुळगुळीत फरशी, खाली ओळीनं स्टीलच्या ट्रॉल्या, वर बंद कपाटं. एकही डबा बाहेर दिसत नव्हता. सून पोरांना आणायला शाळेत गेली होती. मावशींनी मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “ह्यात माझं मला काई सापडत न्हाई. सून घरी नसली की मी उपाशी.”

मी नवा कागद मांडीवर घेतला आणि त्या सांगायला लागल्या. चुलीचं तोंड कुणीकडं, यावर आमचे बराच वेळ मतभेद झाले, कारण ओट्याकडं बघून त्यांची दिशा सारखी बदलायची. शेवटी त्यांनी डोळे मिटले, स्टुलावरच भाकरी थापायला बसल्यासारखा एक पाय मुडपला, हात पुढं केला, आणि म्हणाल्या, इकडं. मग खिडकी बरोबर आली, जातं आलं, मांडणी आली. फळीचा उतारही या वेळी काढला. मी पेन्सिलीनं सगळं मांडत आणलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि नव्या डोळ्यांनी पुष्कळ वेळ बघितला. मग चुलीसमोरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथं तुला काढ. पाटावर बसलेली.”

मी म्हटलं, “मी नव्हते तिथं, मावशी.”

“मी सांगून राह्यले ना.”

“नव्हते मी. आठवून काढायचं म्हणजे असतं तेच काढायचं.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी आणतात की काय. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्याची मला काळजी वाटली. पण त्या रडल्या नाहीत. कागद माझ्या हातात परत दिला. “बराबर हाय,” म्हणाल्या. “मंग नको काढू.”

आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. चहा करते म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या मला बसवून ठेवतील आणि करून आणून देतील. गॅसवर पाणी ठेवलं, पण पुढं त्यांना काहीच सापडेना. एक ट्रॉली ओढली, त्यात ताटल्या. दुसरी ओढली, त्यात कांदे. त्या वैतागून सुनेच्या नावानं काही तरी पुटपुटल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “बसून काय राह्यली? बघ ना तिकडून.”

मी उठले. त्या डावीकडून आणि मी उजवीकडून, आम्ही दोघी त्या ट्रॉल्या एकेक करून उघडत सुटलो. पीठ सापडलं, पापड सापडले, मोबाइलचा एक चार्जर सापडला. चहापत्ती मला सापडली, साखर त्यांना. पाणी तोवर निम्मं आटलं होतं. बाहेरून भीमरावांनी विचारलं, काय चाललंय आत, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

चहा भयंकर गोड झाला. साखर त्यांनीही टाकली होती आणि मीही.